मागच्या बाकावरचा हात

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्काराची ओळ तू नेहमी गाळून पुढे वाचतेस, म्हणून तो मनातल्या मनात केला आहे असं समज.

छापखाना बंद झाला हे आईने तुला कळवलंच असेल. यंत्रं लिलावात गेली, टेबलं गेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं. राहिलो मी. मुद्रितं तपासणारा माणूस कोण विकत घेणार? पण गंमत बघ, ज्या लिलावघराने आमची यंत्रं विकली त्याच्याच मालकांनी मला ठेवून घेतलं. यंत्रांच्या यादीतल्या चुका मी उभ्या उभ्या दुरुस्त करून दिल्या होत्या, ते त्यांना आवडलं. काम साधं होतं. आलेल्या मालाला नंबर लावायचा, चिठ्ठी लिहायची, चिकटवायची.

आता घोळ झालाय. इथले पुकारणारे काका मुलाकडे राहायला चाललेत. परवा मालकांनी सहज विचारलं, "तुमच्या घरात कुणी या धंद्यातलं?" मी भाबडेपणाने तुझं नाव सांगितलं. मालक खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "त्या बाई तुमच्या आत्या? मग तुम्हीच पुकारा की!" जणू ही गोष्ट नाकासारखी वारशाने मिळते.

आत्या, तू मला ओळखतेस. चारचौघांत मला पाणी मागायलाही संकोच वाटतो. आजवर ओठ न हलवता वाचण्याचं काम केलं. पण नाही म्हणायची सोय नाही. घरी दोघंच असलो तरी सध्या हिच्या शिवणकामावर भागतंय, आणि ती एका शब्दाने बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं.

फोन केला असता, पण तुला फोनवर नुसता भुंगा ऐकू येतो असं आई म्हणाली. म्हणून पत्र. शिकवशील का?

तुझा
ठोंब्या


११ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची बघायला आली. तू आणि लिलाव! लहानपणी तुला दुकानात पाठवलं की तू काउंटरसमोर उभा राहून दुकानदाराची नजर पडायची वाट बघायचास आणि रिकाम्या पिशवीने परत यायचास.

पण शिकवीन. इथे मला दुसरा उद्योग तरी काय आहे? कान गेल्यावर पुकारणाऱ्या बाईला कोण विचारतो. आवाज अजून खणखणीत आहे, पण समोरचा काय म्हणाला हे कळायला नको? शेवटच्या वर्षी एकाने "सातशे" म्हटलं आणि मी "आठशे" पुकारलं. त्याच दिवशी हातोडी खाली ठेवली. चुकीच्या आकड्यावर एक वस्तू गेली तरी पुरे, असं मला वाटलं.

आता ऐक. पहिला महिना लिलावाचं नावच काढायचं नाही. नुसते आकडे. पंचविसाच्या पायरीने चढायचं. शंभर, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, दोनशे. तसंच वर हजारापर्यंत, मग खाली. चालताना, आंघोळ करताना, भांडी घासताना. (घासतोस ना?) तुझी जीभ 'पावणे'पाशी अडखळेल. सगळ्यांची अडखळते, कारण 'पावणे' म्हणताना पुढचा आकडा आधीच डोक्यात लागतो. ते जमलं की अर्धं काम झालं.

मग पन्नासाच्या पायरीने, मग अडीचशेच्या. पायरी कुठेही बदलता आली पाहिजे, कारण समोरचे लोक तुझी पायरी मोडतात. कुणीतरी मधूनच भलताच आकडा ओरडतो आणि तिथून पुढे चालावं लागतं.

श्वास पोटातून. घसा ताणायचा नाही. ओरडणाऱ्याचा आवाज तासाभरात बसतो, बोलणाऱ्याचा दिवसभर टिकतो. आकड्यांचा कंटाळा आला की "चटईला टाचणी टोचली" म्हण, आधी हळू, मग जोरात. सूनबाई हसेल. हसू दे.

वेग मागू नकोस. वेग शेवटी येतो, न बोलावता.

आत्या


२ मार्च

ती. आत्या,

भांडी घासतो. आता तर रोज घासतो, कारण तिथे पाण्याच्या आवाजात लाज वाटत नाही.

'पावणे'चं तू म्हणालीस ते खरं निघालं. पहिल्या आठवड्यात पावणेतीनशेनंतर सरळ सव्वातीनशेवर उडी मारायचो. ही मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "तीनशे राहिले." आता तिलाही सगळं पाठ झालंय. काल कापड मोजता मोजता ती "दीड, पावणेदोन, दोन" असं चालीत म्हणत होती, आणि माझ्याकडे लक्ष जाताच गप्प झाली. छापखाना गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकदम हसलो.

लिलावघर म्हणजे पूर्वीचं गोदाम आहे. वर पत्रा, खाली फरशी. एका टोकाला लाकडी चौथरा, त्यावर उंच टेबल. समोर बंद पडलेल्या शाळेचे बाक आहेत. मोठी माणसं त्यात गुडघे दुमडून बसतात, त्यामुळे सगळा हॉल नापास झालेल्यांच्या वर्गासारखा दिसतो. पुढे नेहमीचे दलाल. मधे संसारी माणसं. मागच्या बाकांवर नुसते बघे.

गेल्या शनिवारी मालकांनी मला शेवटचे दहाबारा नंबर दिले. कानतुटक्या कपबशा, एक पाय लंगडा असलेलं स्टूल, असलं काहीबाही. पहिल्या वस्तूला माझा आवाजच फुटला नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी ओरडून सांगितलं, "बाळ, जरा मोठ्याने!" सगळे हसले, आणि त्या हसण्यातच माझं भय गेलं. स्टूल दीडशेला गेलं.

पण आत्या, फार संथ होतं. आकडा म्हणतो, थांबतो, बघतो, पुन्हा म्हणतो. काका कसं नदीसारखं वाहतं ठेवतात! माझं म्हणजे नळाला पाणी येण्याआधी हवा फुसफुसते तसं. ते मधलं वाहतं काय असतं ते सांग.

तुझा
ठोंब्या


१२ मार्च

ठोंब्या,

मधलं वाहतं म्हणजे दोनच आकडे असतात. एक हातात आलेला, एक हवा असलेला. "चारशे आलेत, साडेचारशे कोण?" एवढंच. हे उलटसुलट करून बोलत राहायचं, "चारशे, साडेचारशे बोला, चारशेवर आहे, साडेचारशे कुणाचे?" बाकीचे 'चला', 'बोला', 'बघा' हे आकड्यांच्या मधलं वंगण. ते कमी वापर. ज्याचे आकडे कच्चे असतात तो वंगण जास्त ओततो.

एका वेळी दोघांनाच खेळव. तिसऱ्याने हात केला तरी त्याच्याकडे नुसतं बघून घे, म्हणजे तो थांबतो. दोघांतला एक गळाला की तिसऱ्याला आत घे. मागितलेल्या आकड्याला कुणीच हललं नाही तर लाजू नकोस, खाली ये. खालून सुरू झालेली वस्तू वर जाते. वरच अडलेली तिथेच वाळते.

आणि वस्तूकडे बघायचं नाही. वस्तू त्यांनी बघावी, तू माणसं बघ. घेणारा माणूस हात कमीच करतो. भुवई उचलतो, कागद हलवतो, हनुवटी पुढे करतो, आणि लगेच दुसरीकडे बघतो, कारण शेजाऱ्याला कळू द्यायचं नसतं.

एक म्हण, दोन म्हण, आणि मग थांब. इथे सगळे नवशिके घाई करतात. तीन म्हणण्याआधी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरव. कुणाला काही म्हणायचं असेल तर ते तेव्हाच दिसतं. एकदा हातोडी पडली की आपण काही करू शकत नाही.

वेगाचं पुन्हा विचारलंस. मी सांगितलं ते पुन्हा वाच.

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते बरंच काही बोलले. मला वाटतं, उपयोग नाही असं म्हणाले.

आत्या


२० एप्रिल

ती. आत्या,

जमलं! आज हे पत्र मी हॉलच्या टेबलावरच लिहायला बसलोय. माल उचलणारे अजून आवराआवर करतायत.

काका गेल्यानंतर हा पहिला पूर्ण लिलाव मी एकट्याने पुकारला. माल एका बंद झालेल्या सलूनचा होता. दोघा भावांचं दुकान, थोरला वारला, धाकट्याने सगळं विकायला काढलं. व्यवहार मालकांनीच परस्पर केला होता, मी फक्त माल आल्यावर चिठ्ठ्या लावल्या. आरसे, काचेची कपाटं, वस्तरे, पितळी भांडी, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांचा बाक, आणि शेवटी दोन खुर्च्या. जुन्या पद्धतीच्या, लोखंडी बैठकीच्या, पाय दाबला की वर जाणाऱ्या.

तिसऱ्याचौथ्या आरशापासून मला काहीतरी झालं. आकडे आपोआप येऊ लागले. मी म्हणत नव्हतो, ते येत होते. सव्वा, साडे, पावणे, सगळे आपापल्या जागी. तू म्हणाली होतीस ना, वेग न बोलावता येतो? आला!

पहिली खुर्ची साडेतीन हजारांना गेली. दुसरीला तर धमाल झाली. एक सलूनवाला आणि पुढच्या बाकावरचा दाढीवाला दलाल, दोघांत जुंपली. सव्वाचार हजारांवर सलूनवाला गळाला. मी "एक" म्हणणार एवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर! साधासा माणूस, इस्त्रीचा शर्ट, केस असे चापून बसवलेले की एक इकडचा तिकडे नाही. दिवसभर त्याने काहीच घेतलं नव्हतं. सगळा तळहात माझ्याकडे करून हात उंच धरला होता, बराच वेळ. मी त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "मागे, साडेचार हजार!" दलालाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसता कागद हलवला. "पावणेपाच हजार!" मागचा हात खाली गेला. एक, दोन, तीन! हातोडी अशी वाजली की पत्रा घुमला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आत्या. लिलावात टाळ्या!

मालक म्हणाले, "मागच्या बाकावरून बोली काढणं काकांनाही जमलं नव्हतं."

घरी जाताना हिच्यासाठी काहीतरी नेणार आहे. तुझ्यासाठी काय पाठवू?

तुझा
ठोंब्या


२८ एप्रिल

ठोंब्या,

पत्र दोनदा वाचलं, आणि शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा तोच का जो पाहुणे आले की पलंगाखाली जायचा? म्हटलं, तोच. आता पत्रा घुमवतो.

मला फार आनंद झाला. तुझे वडील असते तर त्यांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पण पुढच्या लिलावाला येऊन कोपऱ्यात बसले असते.

मला काही पाठवू नकोस. सूनबाईला नीट काहीतरी घे.

आत्या


९ मे

ठोंब्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

एक विचारायचं आहे. मागच्या बाकावरचा तो माणूस कोण होता?

तू लिहिलंस की त्याने सगळा तळहात तुझ्याकडे करून हात उंच धरला, आणि बराच वेळ धरला. बोली लावणारा असा हात धरत नाही. इतकी वर्षं माणसांचे हात बघितलेत मी. बोलीचा हात चोरटा असतो, वर जातो आणि लगेच खाली येतो. तळहात समोर करून माणूस एकच गोष्ट म्हणतो. थांबा.

दिवसभर त्याने काही घेतलं नाही. त्याचे केस चापून बसवलेले होते. आणि माल सलूनचा होता. माल देणारा दोघा भावांतला धाकटा, आणि तू त्याला कधी पाहिलेलं नव्हतंस.

मी चुकत असेन तर मला म्हातारी म्हणून हस आणि पत्र फाडून टाक. पण आधी मालकांना विचार, माल देणारा त्या दिवशी हॉलमध्ये आला होता का. आला असेल तर त्याच्याकडे जा. आणि खुर्ची घेणाऱ्या दलालाकडेही जा, लगेच. माल देणाऱ्याची स्वतःच्याच वस्तूवरची बोली धरत नाहीत, हे मालकांनाही माहीत आहे. खुर्ची अजून त्याच्याकडे असेल तर तोड निघेल.

आत्या


३० मे

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "हो, आले होते की. मागे बसले होते. का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाकट्या भावाकडे गेलो. ते लेकीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. गॅलरीत स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवून ते जावयाचे केस कापत होते, गळ्याभोवती चादर गुंडाळून. मला बघताच ओळखलं. "या, या. पुकारणारे ना तुम्ही? बसा. मानेवरचे केस वाढलेत तुमचे, यांचं झालं की बघतो."

जावई कामावर गेला. मी कसंबसं विचारलं, "त्या दिवशी तुम्ही हात वर केलात..."

"केला होता," ते म्हणाले. "माझी खुर्ची गेली तेव्हा काही वाटलं नाही हो. लोखंडच ते. मग थोरल्याची आणून ठेवली. तिच्या पाठीवर एका जागी कातडं झिजलंय, बघितलं असेल तुम्ही. तो दाढी करताना डावं कोपर तिथे टेकायचा. उजेड पडला त्या जागेवर. मला वाटलं, ही राहू दे."

"मग बोलला का नाहीत?"

"मधे कसं बोलायचं? सगळे गप्प बसलेले, तुम्ही एवढं झरझर म्हणत होता. बसायला शाळेचे बाक. केला शाळेसारखा हात वर. तुम्ही बघितलंत. माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, साडेचार हजार." ते जरा हसले. "मला वाटलं, थांबवायचे तेवढे पडतात."

आत्या, मी खाली वाकून फरशीवरचे केस गोळा करू लागलो.

"तेवढे खिशात नव्हते," ते म्हणाले. "लेकीला विचारून येतो म्हणावं, असं मनात आलं. तोवर तुम्ही तीन म्हणालात."

मी माफी मागितली. त्यांना ते अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "तुमचं काय चुकलं? तुम्ही हात बघितला, मोजला." मग बराच वेळ कात्री पुसत राहिले, आणि विचारलं, "थोरल्याच्या खुर्चीला माझ्यापेक्षा जास्त आले ना?" मी हो म्हटलं. तर खो खो हसले. "आयुष्यभर तेच. माझी खुर्ची रिकामी असली तरी गिऱ्हाईक त्याच्यासाठी ताटकळत बसायचं."

नको नको म्हणताना त्यांनी माझे केस कापले. त्यांच्या हाताखाली मान वाकवून बसलो होतो आणि समोर आरसा नव्हता ते बरं झालं.

तिथून तडक मालकांकडे गेलो. मालक वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "त्यांनी तक्रार केलीय का? नाही ना? पडलेली हातोडी मागे घेतली तर उद्या आपल्याकडे कोण बोली लावेल?" मी तिथून हललो नाही. शेवटी म्हणाले, "दलालाला विचारून बघा. तो देत असेल तर माझी हरकत नाही, त्याचे पैसे आपण परत देऊ."

दलालाकडे गेलो. उशीर झाला होता. खुर्ची लिलावाच्या दुसऱ्याच दिवशी बाहेरगावच्या गाडीत गेली होती. तू आधी लिहिलं असतंस तरी काही उपयोग नव्हता, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस.

मी तीन म्हणण्याआधी थांबलो नव्हतो. ते तू सांगितलं होतंस, मला पाठ होतं, कपबशांच्या वेळी मी थांबायचोही. त्या दिवशी इतकं छान वाहत होतं की थांबावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या लिहिण्यातल्या चुका शोधल्या. समोर हात उंच धरून बसलेला माणूस नाही वाचता आला.

ठोंब्या


१४ जून

ठोंब्या,

तुझा दाढीवाला दलाल धंद्यासाठी इकडे आला होता. मला भेटायला आला. तुला माहीत नसेल, पण बोली लावायला तो माझ्याच हॉलमध्ये शिकला. फार मोठ्याने बोलतो, त्यामुळे त्याचं मला अजून ऐकू येतं.

मी खुर्चीचं विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमचा भाचा आला होता. अहो, दोन आठवडे पडून होती ती माझ्या दुकानात. पाच मेला गाडी भरली. आधी आला असता तर तशीच देऊन टाकली असती, मला खुर्च्यांना काय तोटा?" आता ती कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही. बंदरावरच्या एका व्यापाऱ्याने घाऊक माल उचलला, पुढे त्याने कुणाला दिली कोण जाणे.

माझं प्रशस्तीपत्र अठ्ठावीस एप्रिलचं. शंकेचं पत्र नऊ मेचं. मधे गाडी गेली.

तू मला सांभाळायला खोटं लिहिलंस ते कळलं. पुन्हा असं करू नकोस. कान गेलेल्या माणसाला सगळं जग सांभाळूनच बोलतं. तू तरी नको.

आता माझं ऐक. शंका मला नऊ मेला आली नव्हती. तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हाच आली. तळहाताच्या वाक्यापाशी मी थांबले होते. शेजारणीला वाचून दाखवताना ते वाक्य मी गाळलं. मनात म्हटलं, पोराला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्यात, चार दिवस मिरवू दे, मग बघू. मग रोज उद्या लिहू म्हणत राहिले. तुझा आनंद मोडायचं माझ्याने होईना, आणि खरं सांगायचं तर माझाही. हॉल सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून माझं शिकवणं पुकारलं जात होतं.

एका ओळीचं काम होतं. "जाऊन विचार." एवढं त्याच पत्रात लिहायला हवं होतं.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग. पत्राने माफी मागणार होते, पण काय लिहू? मला त्यांचं नावही माहीत नाही, आणि त्यांच्या भावाचं कोपर कुठे टेकायचं ते मात्र माहीत आहे.

आत्या


२१ जुलै

ती. आत्या,

खरं लिहायचं तर खरं सगळंच लिहितो. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझा राग आला. दोन दिवस होता. मग ही म्हणाली, "तुम्ही लिलावाच्या रात्री घरी येऊन जे नाचलात, ते बघून मी तरी सांगितलं असतं का?" मग राग कुणावर धरायचा तेच कळेना.

त्या गृहस्थांना जाऊन सांगितलं, खुर्चीचा पत्ता लागत नाही. दोन आठवडे ती याच गावात, त्यांच्या लेकीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, हेही सांगितलं. सांगावं की नाही याचा फार विचार केला. ते ऐकून त्यांनी गॅलरीचं दार लोटून घेतलं, आत लेक स्वयंपाकघरात होती म्हणून. म्हणाले, "हे तिला सांगू नका. तिच्या बाजारच्या वाटेवरच दुकान आहे ते." तुझा नमस्कार सांगितला. त्यांनीही सांगितलाय.

पुकारणं मी सोडलेलं नाही. सोडायचं ठरवलं होतं, मालकांना बोललोही होतो. ते म्हणाले, सोडून काय होणार, पुढचा येईल त्याला एवढंही माहीत नसेल. आता मी फार हळू पुकारतो. लिलाव लांबतो, दलाल कुरकुरतात, टाळ्या पुन्हा कधी पडल्या नाहीत.

गेल्या महिन्यापासून ते खुर्चीवाले गृहस्थ दर शनिवारी हॉलमध्ये येतात. दुकान नाही, घरात दिवस जात नाही. त्याच शेवटच्या बाकावर बसतात, केस तसेच चापून बसवलेले. काही घेत नाहीत. लिलाव संपला की हात हलवून जातात.

पण पुकारा सुरू झाला की ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात. नाक खाजलं तरी हात काढत नाहीत, मान वाकवून खांद्याला नाक घासतात. मी बघतो, त्यांना कळतं की मी बघतोय, आणि ते हसतात. गंमत करतात की खरंच भितात, ते मला कळत नाही. परवा त्यांना म्हटलं, "पुढे येऊन बसा ना, माझ्याजवळ." तर म्हणाले, "नको हो, तुमचं लक्ष जाईल."

तुझा
ठोंब्या